लाटी आणि आंतरराष्ट्रीय करार

डॉ. समाधान यांनी ती बैठक कॉलेजात न करता घरून करायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण साधं होतं: भीती. जळगावात साथरोग शिकवणारा हा माणूस प्लेगला भीत नसे, पण सहकाऱ्यांच्या देखत इंग्रजी बोलायचं म्हटलं की त्याचे हातपाय गार पडत. आणि आता तर थेट जिनिव्हाचं बोलावणं आलं होतं. महासाथीच्या आंतरराष्ट्रीय करारातलं एक कलम देशादेशांत अडून बसलं होतं, म्हणून वाटाघाटी करणाऱ्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला ऑनलाइन बैठक ठेवली होती.

समाधानरावांना एकच गोष्ट सांगायची होती. ज्या गावातून रोगाचे नमुने जातात, त्या गावाला त्यातून बनलेली लस मिळालीच पाहिजे. मेहरबानी म्हणून नव्हे, हक्काने. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून त्यांनी स्वतः नमुने आणले होते. "साहेब, आमचं रक्त नेलं, त्याचं पुढे काय झालं?" असं तिथली माणसं विचारत, तेव्हा त्यांना मान खाली घालावी लागे. आज हे बोलायचं राहिलं, तर पुन्हा त्या पाड्यांवर कोणत्या तोंडाने जायचं?

नेमके त्याच दिवशी घरी उडदाचे पापड निघाले.

"आजच का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"गल्लीतल्या बायका मिळून लाटतो, प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते," दीपमाला म्हणाली. "माझी पाळी हलायची नाही. जिनिव्हाला सांगा उद्या घ्यायला."

जिनिव्हाला सांगायची त्यांची छाती नव्हती. (दीपमालाला सांगायची तर मुळीच नव्हती.) उडदाचे पापड सावलीत वाळतात, त्यामुळे त्यांच्या खोलीभर जुन्या साड्या अंथरून पापड मांडलेले. वाऱ्याने वाकडे होतात म्हणून पंखा बंद. जळगावचा मे महिना, गळ्यात टाय, आणि साहेब पलंगाच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन घामाने निथळत बसलेले. बाहेरच्या खोलीतल्या बायकांना त्यांनी हात जोडून गप्प राहायला सांगितलं होतं. लाटणी थांबली आणि त्या शांततेने त्यांची भीती दुप्पट झाली.

सासूबाई, झुंबरबाई, पापडांसाठी खास दोंडाईचाहून आल्या होत्या. त्यांनी दारातून जावयाचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला.

"काय व्हई राह्यनं, जवाईबापू?"

"भीती वाटतेय, अक्का."

"कसानी भीती? तिठे बी बठ्ठा माणसंच शेतस ना? ही लाटी खाई ल्या. जीवले बरं वाटी."

तिथेही सगळी माणसंच, हे समाधानरावांनाही कळत होतं. लाटी म्हणजे पापडाच्या कच्च्या पिठाची तेलात बुडवलेली चिकट गोळी. पापडाच्या दिवशी घरात असणाऱ्याने ती खायची, आणि सासूच्या हातची जावयाने नाकारायची नाही, ही खानदेशातली रीत. समाधानरावांनी एक खाल्ली. भीती गेली नाही, म्हणून दुसरी खाल्ली. भेदरलेला माणूस चावत नाही, नुसता कोंबतो. तिसरी तोंडात गेली आणि पडद्यावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

कलमाच्या मसुद्यावरून एका श्रीमंत देशाचे तज्ज्ञ नुकतेच बोलले होते. 'हक्काने' हा शब्द फार कडक होतो, त्याऐवजी 'शक्य झाल्यास' घालू या, असं त्यांचं म्हणणं.

"डॉक्टर," अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे का?"

समाधानरावांनी तोंड उघडायला पाहिलं. उघडेना. पीठ टाळूला चिकटलेलं, दात त्यात रुतलेले. आता जगापुढे शोभा होणार, पाड्यांचं वाटोळं होणार! त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पिठातली मिरची घशाला लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दाराआड, पापड लाटायला आलेल्या शेजारच्या यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "साहेब रडी राह्यनात."

पडद्यावर अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

"तुमच्या लोकांचं दुःख आम्हाला कळलं," त्या म्हणाल्या.

श्रीमंत देशाच्या तज्ज्ञांनी घसा खाकरला आणि आपली सूचना मागे घेतली. तज्ज्ञांच्या सल्ल्यात 'हक्काने' हा शब्द राहिला. समाधानराव अजून मान हलवतच होते. बैठक संपली, तरी त्यांचा जबडा सुटला नव्हता. झुंबरबाईंनी कोमट पाणी पाजून तो सोडवला.

पुढच्या आठवड्यात जिनिव्हाची मेल आली. वाटाघाटींची पुढची फेरी होती आणि डॉ. समाधान यांची उपस्थिती अत्यंत आवश्यक होती. दीपमालाने डब्यांत पापड भरता भरता ती गल्लीतल्या बायकांना मोठ्याने वाचून, अर्थ सांगून दाखवली. समाधानरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

मग खालचा मजकूर आला. भाषण दुसरे तज्ज्ञ करणार होते. डॉक्टरांनी फक्त कॅमेऱ्यासमोर बसावं आणि मागच्या वेळसारखंच भरल्या डोळ्यांनी बघावं. माईकची काळजी करू नये, तो जिनिव्हाहूनच बंद ठेवला जाईल.