उशाकडचा डावा कोपरा

मंगळवारी सकाळी इंदलकरांच्या पलंगावरच्या चादरीचा उशाकडचा डावा कोपरा सुटला, आणि त्यांच्यावर कुणीतरी आपलं माणूस रुसलंय हे दुपारच्या आत अख्ख्या कासार गल्लीला कळलं. पलंग खिडकीलगत होता, त्याला कोण काय करणार!

आमच्या गावात चादर नुसती खोचून राहत नाही. लग्नात चार माणसं चार कोपरे धरून नव्या जोडप्याच्या गादीवर चादर घालतात. ती माणसं खुशीत असली की चादर जागची हलत नाही, मग वर पोरं नाचोत नाहीतर मांजर विओ. चादर धुतली, फाटली, नवी आणली, तरी कोपरे त्याच माणसांचे. मध्यंतरी एकाने शहरातून इलास्टिकवाली चादर आणली होती. त्याचा मेव्हणा रुसला तेव्हा ती इलास्टिकसकट निघाली.

इंदलकरांच्या मालनबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. रविवारी त्यांच्या मयूरीचं लग्न होतं, आणि ज्या घरचा कोपरा सुटलेला आहे त्या घराला लेकीची चादर घालता येत नाही.

“अहो, उठा. कोपरा सुटलाय.”

“कुठला?” यशवंतरावांनी डोळे न उघडताच विचारलं.

“उशाकडचा डावा.”

“मग अक्का,” असं म्हणून ते कुशीवर वळले.

अक्का म्हणजे यशवंतरावांची थोरली बहीण, शेजारच्या गावात दिलेली. एका बारशात आपल्या वाट्याचा पेढा लहान होता म्हणून ती जेवणाच्या पानावरून उठली होती. मालनबाईंच्या लग्नात उशाकडचा डावा कोपरा तिने धरला होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

एवढ्यात स्वयंपाकघरातून पमा आली. पमा ही यशवंतरावांची धाकटी बहीण. बालवाडीत शिकवायची, लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायची. लग्न ठरल्यापासून तिने रजा टाकली होती. शेवया तिच्या, अनारसे तिचे, रुखवतातल्या साखरेच्या बाहुल्याही तिच्याच हातच्या.

“सरका वहिनी, मी खोचते,” म्हणत तिने कोपरा गादीखाली चांगला कोपरापर्यंत हात घालून दाबला. पाठ फिरते न फिरते तोच तो बाहेर आला, आणि वर वीतभर पुढे सरकला.

“मेली ही चादर!” पमा म्हणाली आणि अनारसे करपतील म्हणून आत पळाली.

बुधवारी नगरपालिकेच्या चादर विभागाचे निरीक्षक कोठावळेसाहेब आले. साहेब विधुर होते, शांत होते आणि बूट दारात नीट जोडीने काढून ठेवायचे. त्यांनी कोपरा चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला.

“रुसवा आहे,” ते म्हणाले. “राग नव्हे. राग असता तर चादर मधोमध गोळा झाली असती.”

“फार जुना आहे का हो?”

“ताजा आहे. महिन्याभरातला. समजूत काढलीत तर निघेल. मी शुक्रवारी येतो. तोवर कोपरा बसला नाही, तर मुलीची चादर घालायला परवानगी देता येणार नाही. माझा नाइलाज आहे.”

पमाने त्यांना आल्याचा चहा दिला. साहेबांनी एक घोट घेतला आणि “चहा उत्तम आहे,” असा शेरा त्याच आवाजात दिला.

गुरुवारी इंदलकर नवराबायको पेढे आणि काठाचं पातळ घेऊन अक्काकडे गेले. मालनबाईंनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “वन्सं, काय चुकलं असेल ते पोटात घाला.”

अक्का विचारात पडली. तिने आठवून बघितलं, बोटांवर मोजून बघितलं.

“नाही गं. यंदा रुसायला काही निमित्तच मिळालं नाही,” ती जरा खट्टू होऊन म्हणाली. “पण एवढ्या लांब आलाच आहात तर पातळ ठेवून जा.”

घरी येऊन बघतात तो कोपरा आणखी उघडा. गादीचे निळे पट्टे दिसायला लागले होते. मालनबाई तिथेच टेकल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. एकुलती एक लेक, आणि तिच्या लग्नाला आपल्याच पलंगाने असा दगा द्यावा!

“आई, रडू नको ना,” मयूरी म्हणाली. पण तीही रडतच होती. पमाने दोघींना पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि ती पुन्हा बाहुल्यांना रंग द्यायला बसली.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी पलंगाला एक चक्कर मारली.

“पलंग हलवला होता?”

“नाही,” यशवंतराव म्हणाले.

“गादी फिरवली?”

“नाही हो. माझी कंबर धरली होती, तेव्हा कुणीतरी म्हणालं दक्षिणेला डोकं करा. म्हणून दिवाळीत उशा तेवढ्या तिकडच्या इकडे टाकल्या.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “इंदलकर, उशा फिरवल्या म्हणून माणसं फिरत नाहीत. आज जो उशाकडचा डावा, तो तुमच्या लग्नात पायथ्याचा उजवा होता. तो कुणी धरला होता?”

मालनबाईंना सगळं डोळ्यांपुढे दिसलं. चौथा कोपरा चुलतसासऱ्यांनी धरायचा होता, पण त्यांची एसटी आलीच नाही. खोळंबा नको म्हणून सासूबाईंनी दारात उभ्या असलेल्या दोन वेण्यांच्या पोरीला हाक मारली होती, “पमे, धर गं जरा.”

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. पमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“मी?” ती म्हणाली. “मी कशाला रुसू? माझ्याच घरचं लग्न.”

कोपरा वीतभर सरकला.

“देवाशप्पथ, माझ्या मनात काही नाही हो!”

कोपरा आणखी सरकला आणि शेजारचाही हलायला लागला.

“बाई, तुम्ही कृपा करून बोलू नका,” साहेब म्हणाले. “चादर खाली येईल.”

पमाने ट्रे ठेवला. पदराला हात पुसले. मग म्हणाली, “तुम्ही अक्षत द्यायला रोज निघायचात, ते ताट मीच भरून द्यायचे. गल्लीत दिलीत, दूधवाल्याला दिलीत, बँकेतल्या शिपायालासुद्धा दिलीत. मला कुणी म्हणालं का एकदा तरी, की पमे, लग्नाला ये?”

“अगं, तू तर घरचीच,” यशवंतराव म्हणाले.

“तेच ना, दादा,” पमा म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आपल्या खोलीत निघून गेली.

मालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोर इतकी वर्षं आपल्या खांद्याला खांदा लावून राबली, आणि आपण तिला भिंतीसारखी धरून चाललो! त्यांनी नाक पुसलं आणि कुंकू, अक्षता ताटात घेतल्या.

“अहो, टोपी घाला. मयूरी, चप्पल घाल. असं आतून नाही जायचं.”

तिघं पुढच्या दाराने बाहेर पडली, नळाला वळसा घालून मागे गेली आणि पमाच्या खोलीची कडी वाजवली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“कासार गल्लीतले इंदलकर,” मालनबाई म्हणाल्या. “आमंत्रण करायला आलोय.”

आत एकदम धावपळ ऐकू आली. काहीतरी पडलं. “थांबा हं, आले, आले!” दार उघडलं तेव्हा पमा ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि सतरंजी अंथरलेली होती. मंडळी रीतसर बसली. मालनबाईंनी तिला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

“रविवारी आमच्या मयूरीचं लग्न आहे. अगत्य यायचं. तुम्ही आला नाहीत तर आम्हाला गोड लागायचं नाही.”

“रविवारी होय?” पमा म्हणाली. “आमचंही लग्नघर आहे, फार गडबड आहे. पण बघते. काढते सवड.”

एवढं म्हणून तिने मालनबाईंच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी मोठमोठ्याने रडल्या. यशवंतरावांनी टोपी काढून त्या टोपीनेच डोळे पुसले.

पुढच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, “बसला!”

डोळे पुसताना मालनबाईंचं लक्ष पमाच्या खाटेकडे गेलं. नुसती गादी आणि वर गोधडी. आमच्याकडे चादर लग्नातच घालतात, त्यामुळे पमाच्या गादीला ती कधी मिळालीच नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मालनबाई उठल्या आणि लग्नासाठी आणलेल्या चादरींतली अबोली रंगाची घेऊन आल्या. एक कोपरा त्यांनी धरला, एक यशवंतरावांनी, एक मयूरीने.

“चौथं माणूस?” मयूरी म्हणाली.

कोठावळेसाहेब कपबशी घेऊन दारात येऊन उभे होते. “लग्नाशिवाय चादर नियमात बसत नाही,” ते म्हणाले.

तिघंही आपापला कोपरा धरून उभी राहिली. साहेबांनी कप खिडकीत ठेवला, पुढे आले आणि पायथ्याचा डावा कोपरा उचलला.

“जरा ताणून धरा, साहेब,” पमा म्हणाली.

रविवारी लग्न थाटात झालं. मयूरीची चादर एका सुरकुतीशिवाय बसली. पंगतीत जिलबी उशिरा आली म्हणून अक्का रुसली आणि इंदलकरांचा पायथ्याचा उजवा कोपरा सुटला. संध्याकाळी तिला डबा भरून जिलबी दिली, तेव्हा तो बसला.

पमाची चादर अजून ताठ आहे. फक्त पायथ्याचा डावा तेवढा अधूनमधून ढिला पडतो. मग पमा चादर विभागाला निरोप धाडते. साहेब येतात, बूट दारात जोडीने काढतात, कोपरा चिमटीत धरून “रुसवा आहे” म्हणतात, आणि पमा चहात आलं किसायला घेते.