हृदयगडीचे फितूर न चिरता धरिले त्याची हकीकत

श्री. ज्याचे ठोक्यावर देह चालतो त्या अंतरीच्या धन्यास दंडवत घालून लिहितो ऐसे की, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे कार्तिकमासी महाराजांचे हृदयाची झडप नादुरुस्त जाहली, ती शस्त्रवैद्य मोरो गंगाधर यांणी छाती उघडून दुरुस्त केली, आणि राज्यात साखर वाटली. मग थोडे दिवस जातात तोच हृदयाने ताल सोडिला. घडीत घोडदौड, घडीत मुक्काम! महाराजांस घेरी येऊ लागली. आत फितूर माजले, परंतु कोठे दडले ते कळेना. मोरोपंत विनवू लागले, "पुन्हा छाती उघडून शोधू." महाराज संतापून बोलिले, "छाती म्हणजे काय जामदारखाना, वाटेल तेव्हा कुलूप काढावयास? आणखी एकदा उघडाल तर आम्ही उठणार नाही." हे ऐकोन राणीसाहेबांचे डोळां पाणी आले.

तेव्हा वैद्यीण सगुणाबाई अष्टेकर यांणी अर्ज केला, "चिरणे नको. ही बंडी घालावी. हिच्या शेकडो टिकल्या हृदयाचे निरोप बाहेरूनच ऐकतात. दंगा कोठून उठतो त्याचा नकाशा होतो." मग बंडी चढविली आणि नकाशा उमटला तो निव्वळ धुरळा! मोरोपंत मिशीत हसले. सगुणाबाईंनी बंडीखाली हात घातला, तो आत जरीचा अंगरखा! खासगीचे कारभारी बाजीपंत ताठ्याने म्हणाले, "धन्यांचे उघडे अंग कोणी पाहू नये, ऐसी सात पिढ्यांची चाल आहे." सगुणाबाई म्हणाल्या, "पंत, कातडीस लागल्याविना टिकल्या बहिऱ्या." पंत हटेनात. मग राणीसाहेब उठल्या आणि गरजल्या, "छाती चिरली तेव्हा ही चाल कोठे गेली होती? चाल राहिली आणि धनी गेले, तर मुजरा कोणास कराल?" आणि आपले हाते अंगरख्याचे बंद सोडिले. बंडी कातडीस भिडली आणि नकाशा लख्ख उमटला. डावे बाजूचे वरील दालनी, टाक्यांचे वणाशेजारी फितूर सापडले. मोरोपंत खाली पाहू लागले. मग सगुणाबाईंनी मांडीचे शिरेतून बारीक तार पाठवून नेमका तेथेच डाग दिला, आणि ठोका ताळ्यावर आला. तोफा सुटल्या, सगुणाबाईंस मानाची वस्त्रे जाहली, आणि बाजीपंतांस हुकूम जाहला की, पुढील तपासणीस बंद त्यांणीच सोडावे.

सारांश, गड न फोडता फत्ते जाहली. राणीसाहेबांनी महाराजांचे छातीवर हात ठेविला, तो ठोका सरळ चालला होता. मग त्यांणी बराच वेळ हात काढिला नाही, आणि चालीची आठवण कोणी दिली नाही.