साठ म्हणजे पन्नास

“बाबा, गुरुवारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. शप्पथ?” ब्रॉनने विचारलं, आणि डॅरिलने तोंडातला टोस्ट गिळायच्या आत “शप्पथ” म्हणून टाकलं.

गुरुवारी याच गाडीतून ब्रॉनची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. पास झाली, तर सोमवारपासून पोर्ट ऑगस्टाच्या हॉस्पिटलात नोकरी. नापास झाली, तर ती नोकरी दुसऱ्या कुणाच्या पदरात. त्यांच्या व्हायल्ला गावाहून तिथे चांगला पाऊण तासाचा रस्ता, आणि पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचवणारी बस आजवर कुणी पाहिलेली नाही. त्यात पोरगी एकदा नापास झालेली. म्हणजे घरात सगळ्यांनी हातपाय आवरून बसायचे दिवस होते.

पण मंगळवारी पार्सल आलं, आणि हातपाय आवरणं हे डॅरिलच्या स्वभावात नव्हतंच.

त्याची गाडी होल्डन कमोडोर. काटे फिरतात त्यामागच्या काळ्या तबकड्या काढून तिथे पांढऱ्याशुभ्र, रात्री निळ्या उजळणाऱ्या तबकड्या बसवायचं त्याने कधीपासून मनात घेतलं होतं. गेल्याच आठवड्यात मागवल्याही होत्या. बायको मॅरियन पाळीवर, ब्रॉन मैत्रिणीकडे. त्याने पार्सल टराटरा फाडलं. ‘गाडीला कुठे हात लावतोय? मी तर मीटरला लावतोय,’ असं त्याने स्वतःलाच समजावलं. स्वतःची समजूत घालण्यात तो पटाईत होता.

मीटरचं खोकं बाहेर आलं. दोन चमचे काट्याखाली सारून काटेही उपटून झाले. जुन्या तबकड्या चिकटवलेल्या होत्या, त्या ओढताना मधोमध फाटल्या. म्हणून काय झालं, नव्या आहेत की! पण नव्या काही केल्या बसेनात. भोकं भलतीकडे, कडा बाहेर. “हल्ली कुणाला मापं घेता येत नाहीत,” असं पुटपुटत डॅरिलने मॅरियनची नखांची कात्री आणली आणि तबकड्या कापून, तासून, दाबून बसवल्या. जुने तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी डबा रिकामा करून गेली.

बुधवारी दुपारी मायलेकी शेवटच्या सरावाला निघाल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. ब्रॉनचं तोंड पांढरं पडलेलं.

“बाबा, काय केलंस तू?”

“आवडल्या?”

“काटा साठ दाखवतो,” मॅरियन म्हणाली, “आणि माझ्या फोनवर पन्नास येतात. शाळेपाशी काटा पंचवीसवर ठेवला, तर एक म्हातारी सायकलवरून आम्हाला ओलांडून गेली, डॅरिल. वर हात हलवला तिने!”

डॅरिलने डोकं खाजवलं. “मग त्यात काय? सोपं आहे. साठ म्हणजे पन्नास. ब्रॉन, तू काटा साठवर ठेव.”

“आणि परीक्षक बाई शेजारी बसून काय बघणार? माझं तोंड?” ब्रॉन ओरडली. “पन्नासच्या रस्त्यावर काटा साठवर दिसला की तिथल्या तिथे नापास!”

“मग पन्नासवर ठेव.”

“म्हणजे खरे चाळीस. मागे गाड्यांची रांग लागेल. म्हणजे परत नापास!”

इकडे आड, तिकडे विहीर. ब्रॉनने ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. त्यांच्या गाड्या महिनाअखेरपर्यंत भरलेल्या. मग ती पायरीवर बसून रडायलाच लागली, आणि डॅरिलला पहिल्यांदा आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं. मॅरियनचे वडील केव्ह आले होते.

केव्ह म्हणजे फोर्डवाला माणूस. त्या गावात माणूस फोर्डचा असतो नाहीतर होल्डनचा. दोन्ही गाड्या देशात बनायच्या बंद होऊन वर्षं लोटली, भांडण मात्र बंद पाडायला कुणी तयार नाही. लग्नाच्या दिवशी मॅरियनला केव्हने आपल्या फोर्डमधून आणलं, तेव्हा डॅरिलने तिला चर्चच्या दारापासून पुढे होल्डनमध्ये बसवून नेलं होतं. सासऱ्याच्या गाडीला त्याचं बूड आजवर लागलेलं नव्हतं.

“माझं काही आलंय का गं पोस्टानं?” केव्हने विचारलं. बायकोने गाडीवर खर्च करायची बंदी घातल्यापासून तो आपली पार्सलं लेकीच्या पत्त्यावर मागवायचा. मग त्याला रडणारी नात दिसली, तसा तो तिच्याकडे वळला. जाता जाता त्याची नजर होल्डनच्या उघड्या दारातून आत गेली. तो थबकला, वाकला, आणि मग गुडघ्यावर थापा मारत हसत सुटला.

“जावईबापू! होल्डनमध्ये फाल्कनच्या तबकड्या? शेवटी आलात म्हणायचं शुद्धीवर!”

डॅरिलचं तोंड उघडं ते उघडंच. फाल्कन म्हणजे फोर्ड!

हसता हसता केव्ह आणखी जवळ वाकला. “थांब थांब. पांढऱ्या. निळ्या उजळणाऱ्या. अरे, या तर माझ्या!” मग त्याला कडा दिसल्या. “आणि कापल्या कशानं रे? दातानं?”

“माझ्या नखांच्या कात्रीनं,” मॅरियन थंडपणे म्हणाली. “पार्सलवरचं नाव वाचायची पद्धत आमच्याकडे नाही.”

डॅरिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. व्हायल्लाच्या होल्डन क्लबचा खजिनदार, आणि फोर्डच्या तबकड्या लावून गावभर मिरवायला निघाला होता! पण पायरीवर ब्रॉन नाक ओढत होती, आणि गावात बिनचूक काट्याची, रिकामी उभी असलेली एकच गाडी त्याला ठाऊक होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर गाढवही आपणच होतो, हे त्याला कळून चुकलं.

“केव्ह,” तो खाली बघत म्हणाला, “उद्या पोरीला तुमची... ती... गाडी द्याल का?”

“कुठली गाडी?”

“तुमची.”

“नाव आहे तिला.”

“फोर्ड,” डॅरिल म्हणाला. कडू औषध घ्यावं तसा.

“पोरीसाठी कधीही! अट काही नाही,” केव्ह म्हणाला. “फक्त मी मागे बसून येणार. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर चालवू देत नाहीत, बघायला मात्र मोकळीक आहे.”

गुरुवारी मॅरियन पाळीवर. ब्रॉनने किल्ली डॅरिलच्या हातात कोंबली. “जाताना तू चालव बाबा. मी चालवली तर तिथे पोचायच्या आत ठोकेन.” म्हणजे डॅरिललाच बसावं लागलं. टोपी कपाळापर्यंत ओढून, खांदे चोरून तो निघाला. बेकरीसमोरच्या बाकावर क्लबची मंडळी खिमा भरलेल्या करंजीसारखी पॅस्टी खात बसलेली. एकाच्या हातातली पॅस्टी खाली पडली.

“डॅरिल! तब्येत बरी आहे ना रे?”

डॅरिलने पुढे बघितलं. मागच्या सीटवरून केव्हने मात्र राजासारखा हात हलवला.

ब्रॉन परीक्षक बाईंना घेऊन गेली. डॅरिल आणि केव्ह भिंतीला टेकून उभे राहिले. डॅरिलने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली, एक फोर्ड नीट परत यावी म्हणून देवाला हात जोडले. ती आली. ब्रॉन दार उघडून धावतच सुटली.

“पास! बाबा, पास! बाई म्हणाल्या, काटा जराही हलला नाही पन्नासवरून!”

डॅरिलने तिला उचललंच. त्याचे डोळे भरून आले. “चुकलं गं माझं,” तो म्हणाला. “शपथ घेऊन मोडली. नोकरी गेली असती तुझी.”

“गेली नाही ना? झालं तर!” ती डोळे पुसत हसली. “चला, बसा. आता घरापर्यंत मी चालवणार. एकटी चालवली तरी चालतं आता मला!”

डॅरिलने तिच्या हातातली किल्ली काढून घेतली.

“तू दमली असशील. बस शेजारी.”

“मी? मी कुठे दमलेय?”

तो तोवर आत बसलाही होता. गाडी निघाली. चौकात घराकडचा रस्ता डावीकडे होता. डॅरिलने उजवीकडे वळवली, आणि समुद्राकाठचा लांबलचक मोकळा रस्ता लागताच सीटमध्ये ऐसपैस मागे रेलून बसला.

“जावईबापू,” मागून केव्ह म्हणाला, “घर मागे राहिलं.”

“माहीत आहे,” डॅरिल म्हणाला. “गप्प बसा जरा. इंजिन ऐकू द्या.”