नावड्याच्या पाळीची मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, रविवारी, मौजे नावडे येथे जे जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. अक्षर वाकडे असल्यास लेखणीचा दोष, मजकूर सरळ आहे.

सकलगुणालंकरण संघमित्राबाई, वयात येणाऱ्या मुलामुलींस शरीराची ओळख करून देणाऱ्या आरोग्यशिक्षिका, यांची मुलूखगिरी अकरा वर्षे चालली होती. शिरवण्यास पोरे दोन घटका नुसती हसत राहिली, आणि बाई हसू सरेतो खडू हाती धरून उभ्या राहिल्या आणि मग शिकविले. बेलापुरास एका साहेबाने तक्ता उलटा धरून तारीफ केली, तीही पचविली. ऐसी छाती. परंतु नावड्याचा गड अवघड. तेथील शाळेत आठवीच्या मुली दरमहा चार रोज 'ताप' ऐसी चिठी धाडून गैरहजर राहत, आणि मागले साली तिघीजणी त्या तापापायी शाळेस कायमच्या मुकल्या. हे शल्य बाईंचे उरी होते.

हेडमास्तर चंद्रशेखरपंत स्वभावे सज्जन, परंतु विषय निघताच पंख्याकडे पाहणारे. त्यांनी फर्मान काढिले की, तीस वडिलांच्या सह्या आल्यास मुलींस शिकवावे, एक कमी पडल्यास मोहीम रद्द. बाईंनी दोन वेळा सभा भरविली, आणि दोन्ही वेळा आयाच आल्या, आणि चहा घेऊन "ह्यांना विचारून सांगते" ऐसे बोलोन गेल्या, आणि ह्यांना कोणी विचारिले नाही. मग तिसरी सभा ठरली, ती अखेरची. पंतांची मसलत ऐसी की, फलकावर 'आरोग्यविषयक' इतकेच लिहावे. बाईंस राग आला. अवघी दुनिया त्या शब्दास वळसा घालिते, आपण घालणार नाही, म्हणोन मोठ्या अक्षरी लिहिले : 'पाळी : अडचणी व उपाय. वडिलांनी अवश्य यावे.'

आता नावड्याचे बहुत लोक तळोज्याच्या कारखान्यांत चाकरीस. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, याखेरीज पाळी ऐसा शब्द पुरुषांचे कानी पडत नाही. त्यात पाळी आठांची बारा तासांची होणार, ऐसी आवई त्याच आठवड्यात उठली होती.

रविवारी सकाळी शाळेच्या शिपाईण चांगुणाबाई धापा टाकीत आल्या. "बाई, बाप्ये आलेत. लय हायेत. बाकडी पुरनार नाय."

एक्केचाळीस वडील आले, आणि अग्रभागी कामगारांचे पुढारी मानसिंगराव, मूळचे सातारकर, मिशा भरघोस, आवाज भोंग्यास लाजविणारा. बाईंचे डोळे भरून आले. बापांची ऐसी फौज त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

मानसिंगराव उठले. "मॅडम, पाळी आठ तासांचीच ऱ्हायली पायजे. बारा तास चालायचं न्हाई."

बाई अंमळ थबकल्या, आणि पुरुषांचे अज्ञान इतके असू शकते हे अनुभवाने ठाऊक, म्हणोन शांतपणे बोलिल्या, "दादा, तासांची नाही. साधारण तीन ते सात दिवस चालते."

सभेत हाहाकार जाहला. "सलग?"

"सलग. आणि साधारण दर महिन्याला."

"किती वर्षं?"

"पन्नाशीच्या आसपास थांबते."

"म्हंजे व्हीआरएसच की," मागल्या बाकावरून कोणी बोलिले.

मग बाईंनी गर्भाशयाचा तक्ता उलगडिला. कुलदीप नामे ऑपरेटराने दोहो बाजूंच्या नळ्या निरखिल्या आणि हा कोणत्या प्लांटचा नकाशा, ऐसे पुसिले. बाईंनी तक्त्याखालील नाव स्वच्छ वाचोन दाखविले.

मग एकच पळापळ सुरू जाहली. कोणास ड्यूटी आठवली, कोणास गॅसचा सिलिंडर, आणि पंत तर पंख्याकडे पाहत बसले. दारी चांगुणाबाई झाडू आडवा धरून उभ्या. "बसा गपचूप. तुमी काय आभालातून पडलात?"

तरी फौज दार सोडीना. इतक्यात मानसिंगराव तक्त्यापाशी गेले, आणि भोंग्याचा आवाज अगदी खाली आणोन बोलिले, "मॅडम, माझी पोरगी प्रिया दर महिन्याला चार दिवस तापानं झोपून असते. चिठ्ठीवर सही मीच करतो. त्यो ताप ह्योच का?"

"बहुतेक हाच."

"मी तिला कामचुकार म्हणतो. सगळ्यांदेखत."

आणि मानसिंगराव पहिल्या बाकावर बसले. पुढारी बसला, मग फौज बसली. बाईंनी दोन प्रहरपर्यंत शिकविले, आणि कोणी हसले नाही, आणि सह्या एक्केचाळीस जाहल्या. शुक्रवारी आठवीच्या अवघ्या मुलींस शिकविले.

आश्विन मासी प्रिया एकच रोज गैरहजर राहिली. दुसरे रोजी वडिलांची चिठी आली. नावड्याचा गड फत्ते जाहला यास तीच चिठी दाखला, अस्सल संघमित्राबाईंचे दप्तरी आहे, नक्कल येणेप्रमाणे :

'सा. न. वि. वि. प्रिया काल शाळेत आली नाही. कारण ताप नव्हे. कारण पाळी. माझी नव्हे, मुलीची. कळावे. मानसिंग.'