सर्जाबापूंची पाठ

सर्जाबापू पैलवान बावीस वर्षं उताणे झोपले नव्हते.

डाव्या कुशीवर झोपतील, उजव्या कुशीवर झोपतील, पालथे पडतील, नाहीतर बसल्या बसल्या भिंतीला खांदा लावून घोरतील. पण पाठ म्हणून कशाला टेकवायची नाही. कुस्तीत पाठ लागली की हरला, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. पण कुस्ती सोडून म्हशी पाळणारा पन्नाशीचा माणूस घरच्या गादीवरही तोच नियम लावतो म्हणजे कमालच की! त्यांच्या मंडळी, आमच्या काकी, म्हणायच्या, "ह्येंचं तोंड एक तर भिंतीकडं, न्हाय तर माझ्याकडं. आढ्याकडं म्हणून कवा बघितलं न्हाय ह्या माणसानं."

एकदा दाढ दुखायला लागली म्हणून मीच त्यांना राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि खुर्ची हळूहळू मागं जायला लागली. बापूंनी डॉक्टरांचं मनगट धरलं. "पावणं, खुर्ची सरळ करा. दाढ ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे." शेवटी बापू उभे आणि डॉक्टर स्टुलावर चढलेले, अशी ती दाढ निघाली. भूल दिलेला पेशंट शांत होता, डॉक्टरांनाच घाम फुटलेला.

कुणी कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाठ माझी न्हवं, मर्दा." एवढंच. मग कुणाची, ते सांगणार नाहीत. तालमीतल्या मारुतीला वाहिली असेल, असं आम्ही आमच्या समजुतीनं ठरवून टाकलं होतं.

मी त्या वेळी शिवाजी पेठेत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खांद्यावर पाटीएवढा कॅमेरा घेऊन रोज कुणाच्या ना कुणाच्या अक्षता टिपायच्या, आणि रुखवताच्या लाडवावर झूम करायचा. लोक मला "कॅसेटवाला सुन्या" म्हणायचे आणि मला ते झोंबायचं. आपण सिनेमा काढायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. तोही साधासुधा नाही, गुप्तहेरांचा, मारामारीचा! नाव ठेवलं 'ऑपरेशन काळा बुरूज'.

गोष्ट सरळ होती. एका शास्त्रज्ञाकडे फॉर्म्युला आहे, तो आंतरराष्ट्रीय व्हिलनला हवाय, आणि आपला हेर तो वाचवतो. फॉर्म्युला कशाचा, ते मला आजही माहीत नाही. हेर झाला केबलवाल्यांचा राजू, कारण पेठेत काळा गॉगल आणि मोटारसायकल दोन्ही त्याच्याकडेच. व्हिलन कोण व्हावा यावर चर्चाच झाली नाही. सर्जाबापूंच्या मानेएवढी मान अख्ख्या पेठेत नव्हती.

बापूंची अट एकच. "आमची चंद्री पायजे सिनेमात." चंद्री म्हणजे त्यांची लाडकी म्हैस. त्यामुळे व्हिलनचा गुप्त अड्डा गोठ्यातच निघाला. बापू सुटाबुटात चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "फॉर्म्युला दे की मर्दा, उगं कशाला इस्कोट करून घेतोस?" मी लिहून दिलेले शुद्ध मराठी संवाद त्यांनी चंद्रीपुढे टाकले असावेत.

शास्त्रज्ञ झाले भूपाल आप्पा. आप्पा आणि बापू तरुणपणी एकाच तालमीतले, एकाच वस्तादांचे पठ्ठे. तोडीस तोड. पंचक्रोशीतल्या मोठ्या मैदानासाठी तालमीतनं एकालाच पाठवायचं होतं. रविवारी दोघांची कुस्ती लावायची आणि जिंकेल तो जाईल, असं वस्तादांनी ठरवलं. पण दोन दिवस आधी सरावात बापूंच्या पकडीत आप्पांचा गुडघा गेला, तो कायमचाच. बापू मैदानाला गेले आणि जिंकून आले. आप्पांनी कटलरीचं दुकान टाकलं. ती रविवारची कुस्ती झाली असती तर कोण जिंकलं असतं, यावर पेठेत बावीस वर्षं वाद चालू होता. ते दोघं मात्र रोज सकाळी, जिथं समोर म्हशी पिळून ताजं दूध देतात त्या दूध कट्ट्यावर शेजारी बसायचे, म्हशीच्या खाण्यावरून भांडायचे, आणि त्या कुस्तीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

शेवटची मारामारी पन्हाळ्याला ठेवली होती. बुरुजाखालची मऊ मातीची जागा मी हेरून ठेवलेली. आणि तिथंच आमचं घोडं अडलं. बापू हरायला तयार, पण पाठ टेकायला नाही!

"गोळ्या घाल, बॉम्ब टाक, वरनं ढकलून दे," बापू म्हणाले. "पालथा पडून मरतो की."

"बापू, आपले लोक आहेत ते! व्हिलन चितपट झाल्याशिवाय हेर जिंकला असं कोण म्हणंल? पुढच्या रविवारी तालमीत खेळ लावलाय. फळ्यावर लिहून झालंय. माझी अब्रू जाईल ओ!"

"तुझी अब्रू हाय सुन्या, कबूल. पर पाठ माझी न्हवं."

तरीही एक शॉट घेऊन बघितला. राजू गॉगल सावरत धावून आला आणि बापूंनी त्याला सवयीनंच उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा राजूच म्हणाला, "मी नाही जा." मी डोक्याला हात लावून बसलो. गेलाच माझा सिनेमा! रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सगळे जेवायला बसले. बापू भाकरीवर झुणका घेऊन लांब एकटेच बसले होते. अर्धी भाकरी झाली, तसे तिथूनच म्हणाले, "आप्पा पाडंल मला."

आप्पांचा घास हातातच राहिला. अंगात शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट, डोळ्यावर जाड चष्मा. चेहरा लालबुंद झाला. "लंगड्याची चेष्टा करतोस व्हय रे, सर्जा?"

"चेष्टा न्हवं. खरीखुरी कुस्ती. मी सोडणार न्हाय, तुला पाडावं लागंल."

आप्पांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि कोटाच्या बाह्या सारल्या.

मी कॅमेरा चालू केला. काय सांगू तुम्हाला! दोन पन्नाशीची माणसं, एक सुटात आणि एक पांढऱ्या कोटात, पण हाताला हात लागला आणि कपडे दिसेनासेच झाले. आप्पांचा गुडघा लटपटत होता, तरी मानेवरचा हात सुटत नव्हता. बापूंनी रेटा दिला, आप्पा घसरले, सावरले. मग बापू खाली बसले, आणि आप्पांनी मागनं घिस्सा लावला. घिस्सा म्हणजे खाली बसलेल्याला ओढत उलटा करायचा डाव, आणि हा तर आप्पांचा तरुणपणचा हुकमी! बापूंचा एक खांदा टेकला. दुसरा मातीपासून चार बोटं वर. तसाच राहिला, तसाच राहिला, आणि टेकला.

रविवारी सकाळी तालमीत खेळ होता. अंधार करायला खिडक्यांना कुस्तीच्या गाद्या लावल्या. भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरं धोतर. माणूस मावेना. राजूच्या एंट्रीला शिट्ट्या झाल्या, चंद्री दिसली तेव्हा त्याहून जास्त. मी कोपऱ्यात उभा राहून सुपारी चघळत होतो, आणि ती कधीच संपली होती तरी चघळत होतो.

मग पांढरा कोट पुढं आला आणि तालीम चिडीचूप झाली. जुन्या माणसांनी ओळखलं हे काय चाललंय ते. घिस्सा बसला, बापूंचा दुसरा खांदा टेकला, आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "झाली! झाली रे रविवारची कुस्ती!" त्यानंतरचं मला ऐकूच आलं नाही. टोप्या उडाल्या, हलगी कडाडली, माणसं माणसांच्या गळ्यात पडली. ऐंशी पार केलेले वस्ताद काठी टेकत पडद्यापाशी गेले. म्हणाले, "परत लाव." मी कॅसेट मागं घेतली. पाच वेळा लावायला लावलं! मग त्यांनी स्वतःच्या हातानं आप्पांना फेटा बांधला. पोरांनी आप्पांना खांद्यावर घेतलं आणि हलगीच्या तालावर पेठेतनं मिरवणूक काढली. लोकांनी मलाही उचललं. त्या आठवड्यात एकाचे चार खेळ झाले, आणि त्यानंतर मला कुणी कॅसेटवाला म्हटलं नाही. फॉर्म्युल्याचं पुढं काय झालं, हे आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही.

मिरवणूक निघाल्यावर मी प्रोजेक्टरची वायर विसरलो म्हणून परत आलो. बापू एकटेच खिडक्यांवरच्या गाद्या काढत होते.

"सुन्या, त्यात आमचं बोलणं ऐकू येतंय का रं?"

"नाही बापू. तिथं म्युझिक टाकलंय."

"मूळच्या कॅसेटीत?"

मी वायर गुंडाळायला लागलो. मूळच्या कॅसेटमध्ये सगळं होतं. कॅमेऱ्याच्या माइकनं टिपलं होतं. बापू मातीत उताणे, आप्पा छातीवर, दोघांना धाप लागलेली. बापू म्हणतात, "आप्पा, तुझी ठेव. बावीस वर्षं सांभाळली. कुणाचा हात लागू दिला न्हाय तिला." मग आप्पांचा आवाज येतो, घोगरा: "गप पड. कॅमेरा चालू हाय." पण उठत कुणीच नाही.

बापूंनी ती कुस्ती खरंच सोडली नव्हती का, म्हणून मी ती कॅसेट कितीदा तरी बघितली. मला सांगता येत नाही. बघताना दर वेळी डोळ्यांत पाणी येतं, मग खांदा नीट दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मूळची कॅसेट बापूंना द्यायला त्यांच्या घरी गेलो. काकी दारातच तोंडावर बोट धरून उभ्या. म्हणाल्या, "हळू बोला. सकाळपास्नं पडल्यात, उठायचं नाव न्हाय." मी आत डोकावलो. गोठ्याशेजारी बाजेवर सर्जाबापू हातपाय पसरून उताणे झोपले होते, आणि काय घोरत होते!

कॅसेट मी त्यांच्या उशाशी ठेवली आणि परत आलो.