द्वारकाआत्या, बेडूक आणि चौऱ्याऐंशी कड्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, संग्रामपूर तालुक्यातील एका गावाची पश्चिम सीमा सोमवारपासून उघडी पडली आहे. गस्तीचे एकमेव वाहन निकामी झाले असून शत्रू कोणत्याही क्षणी आत घुसू शकतो.

हसू नका. सीमा म्हणजे आमच्या द्वारकाआत्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध. वाहन म्हणजे सहलीच्या ठिकाणी चक्कर मारायला असते तसली जाड चाकांची लाल एटीव्ही. आत्याचे गुडघे गेले, तेव्हा तिच्या पुण्याच्या पोरानं ती जुनीपानी कुठून तरी आणून दिली. स्वतः यायचं टळलं. गाव त्या गाडीला ‘बेडूक’ म्हणतं. बहात्तर वर्षांची आत्या लुगड्याचा काष्टा मारून, कानाला रुमाल बांधून बेडकावर बसली की कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात.

आणि शत्रू म्हणजे पलीकडच्या गावचा सुखदेव. शेजारचं शेत त्याचं. तोही एकटाच. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं धुऱ्यावरचा दगड हातभर आपल्या, म्हणजे आत्याच्या, बाजूला सरकवला असं आत्या म्हणते. तो म्हणतो, दगड आहे तिथंच आहे. तेव्हापासून रोज दहाला दोघं धुऱ्यावर हजर. अर्धा तास एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या, मग आपापल्या बाजूला बसून भाकर खायची. शेतातलं काम मजूर करतात. आत्या फक्त भांडायला जाते.

“एक दिवस मी नाही गेली, तर तो मुडदा बोटभर धुरा खाते,” हे तिचं ठरलेलं वाक्य, सुखदेवच्या तोंडावरसुद्धा.

त्या सोमवारी गावाबाहेर बेडकाच्या पोटात ‘कट्ट’ झालं आणि गाडी थांबली. कलीम मिस्त्रीनं इंजिन खोललं.

“माय, टायमिंग चेन तुटली. खाली पिस्टन, वर वॉल. ही चेन दोघांचा मेळ ठेवते. तुटली अन् दोघं धडकले. एक वॉल वाकला.”

“चुकी कोणाची होती?” आत्यानं विचारलं. तिला बाजू घ्यायची होती.

मी खामगावात राहतो, म्हणून चेन आणायचा हुकूम मला झाला. मी दुकानात नजरेनंच अंदाज घेतला आणि बुधवारी ऐटीत चेन हजर केली. आत्यानं जुनी आणि नवी दोन्ही मांडीवर घेतल्या आणि जपमाळ ओढावी तशा कड्या मोजल्या.

“जुनी चौऱ्याऐंशी. हे शहाऐंशी. काऊन बे, मास्तर ना तू?”

“दोन कड्यांनी काय होतं, आत्या?”

“दोन बोटांनी काय होते, हे तू मले इचारू नोको.”

मी म्हटलं, तोवर माझ्या मोटरसायकलवर सोडतो. ती उसळली. “तुह्या मांगं गाठोड्यावानी बसून जाऊ? बुढी हरली म्हणन तो!”

पुढं घरातली दोन लग्नं होती. ती यथास्थित जेवून मी पुढच्या बुधवारी बरोबर चेन घेऊन पोचलो. आत्यानं दारातच दोन्ही पंजे पसरले. “दहा बोटं गेली!”

कलीमनं नवा वॉल्व्ह आधीच बसवला होता. चेन पोटात पडू नये म्हणून तारेत अडकवून वर ओढली. खालच्या चाकाची खूण जुळवली, वरच्या गियरचा ठिपका जुळवला. आत्या त्याच्या खांद्यावरून वाकली.

“खूण सरकली तर नाही?”

“नाही, माय.”

“पाह्य पुन्हा. खुणेवर भरोसा नसते.”

त्यानं इंजिन हातानं दोनदा फिरवून पुन्हा खूण दाखवली. “माय, असा पंचनामा तर पोलीसही नाही करत!”

तोवर आत्या दहा दिवसांच्या साचलेल्या शिव्या माझ्यावर घासूनपुसून घेत होती. काही इतक्या ताज्या होत्या की मला सुखदेवचा हेवा वाटला. बेडूक दोनदा खोकला आणि सुरू झाला. आत्या सुसाट निघाली, मागं मोटरसायकलवर मी.

धुऱ्यावर कोणी नव्हतं. सुखदेवच्या शेतात एक अनोळखी माणूस वखर हाकत होता. तो जवळ आला.

“तुम्ही द्वारकाबाई का? मी हे वावर ठेक्यानं केलं. सुखदेवबाबाले पोरगा नाशिकले घेऊन गेला.”

“कधी?” आत्यानं विचारलं.

“परवा. जायाले तयारच नव्हते. आठ दिस इथंच बसून होते, म्हणत, ते बुढी येईनच. जाताना मले दगड सरकवाले लावला.”

परवा. दुसऱ्या लग्नाची जिलेबी मी परवाच खाल्ली होती.

दगड सुखदेवच्या शेतात आत गेला होता. आत्या उतरली, गुडघे धरत वाकली, दगडाच्या जुन्या खळीपासून हातानं मापलं. पूर्ण हातभर. मग वर बोटं लावली. आठ बोटं जास्त होती.

दगडापलीकडं बसून बसून जमीन गुळगुळीत झालेली. बेडूक एका लयीत धडधडत होता. आत्यानं कानाचा रुमाल सोडला, माझ्याकडं पाहिलं आणि एकदम ओरडली,

“आता मी भांडू कोणासंग बे?”