आशादायक ज्वारी

सरकारी पैशाला भूतकाळाची गोडी नाही. गेल्या साली काय पिकलं यावर कुणी दमडी देत नाही. पैसा मिळतो तो पुढे काय पिकणार यावर. आणि पुढचं दिसायला माणूस अधिकारी असावा लागतो, कारण शेतकऱ्याची नजर आभाळात नाहीतर चुलीत.

१९७२ च्या जानेवारीत सुधारित ज्वारी उत्तेजन योजनेची मुदत संपत आली होती. (योजनेत बी, खत आणि सल्ला मिळे. पैकी सल्ला वेळेवर मिळे.) पुढच्या तीन वर्षांचा निधी मागायचा तर काहीतरी दाखवायला हवं, आणि दाखवण्याजोगं शेत एकच होतं: नगर जिल्ह्यातल्या तिसगावच्या शिवारातलं, पुंजाराम आणि त्याची बायको रंगुबाई यांचं. हे दोघं दरसाल ऊसतोडीला जात. यंदा "घरीच राहा, वर्षाची भाकरी शेतात निघेल," असं योजनेचे विस्तार अधिकारी काकासाहेब म्हणाले, म्हणून मुकादमाला नाही म्हणून बसले होते.

कणसं भरू लागली तशी रंगुबाई हरखली. म्हणाली, "सायेब, लई ग्वाड दाना भरलाय. काढनीला मानसं सांगून ठिवू का?"

काकासाहेब दचकले. मग त्यांनी तिला वाटाघाटींचं तत्त्व समजावलं, आणि ते सोन्यासारखं आहे. पीक बुडालं तर योजना फसली. फसलेल्या योजनेला पैसा कोण देईल? पीक घरात आलं तर योजना साधली. मग आणखी पैसा कशाला? म्हणून पीक आशादायक हवं. ज्वारी आशादायक असते ती दाणा दुधाळ असतो तोवर. (अडाणी लोक याला हुरडा म्हणतात.)

आशा किती आहे हे भाजल्याशिवाय कळत नाही. बांधाला आगटी पेटली. आधी तालुक्याची समिती आली, मग जिल्ह्याची, मग पुण्याची. विहिरीला पाणी बेताचं, त्यामुळे रंगुबाईने पाळीपाळीने भिजवलेलं शेत वाफ्यावाफ्याने पिकत होतं, म्हणजे कोणत्याही दिवशी एखादा वाफा आशादायक असायचाच. या नियोजनाचं सर्वांनी कौतुक केलं. दही, गूळ, चटणी रंगुबाईची. खर्चाचं प्रमाण असं पडलं: समितीमागे एक वाफा, मतभेदामागे दोन.

शेवटी मुंबईहून साहेब आले. ते दोन वर्षांवर अडून बसले, नगरची मंडळी तीन वर्षांवर. दुपारी तडजोड अडीच वर्षांवर आली. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा कणसं मोडायला माणूस निघाला, तशी रंगुबाई आडवी आली.

"सायेब, हे दोन वाफं तरी ऱ्हाऊ द्या. लेकरं हायेत घरात."

काकासाहेब म्हणाले, "रंगुबाई, तुम्ही दोन वाफ्यांचं बघता. मी तीन वर्षांचं बघतोय."

"तीन वर्सांचं तुमी बगा. म्या सांजचं इचारतीय."

हा प्रश्न योजनेच्या कक्षेत येत नव्हता. साहेबांनी शेवटचं कणीस चोळून तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि तीन वर्षांना होकार दिला. पाहणीसाठी वेगळी तरतूदही झाली.

रंगुबाईवर अन्याय झाला असं कुणी म्हणू नये. कडबा सगळा तिचाच राहिला. तो गाडीत भरून, लेकरांना वर बसवून, नवराबायको चार दिवसांत कारखान्याच्या वाटेला लागले. मुकादमाने बोलणी खाऊ घातली आणि टोळीच्या शेपटाला घेतलं. मला त्या बाईचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला.

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे हळहळले. कुणी सरकारला शिव्या घातल्या, कुणाचे डोळे भरून आले. आणि उठताना एकेकाने मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडे हुरड्याला जायचं तर कोणत्या महिन्यात जावं?

आपण तसे नाही. आपल्याला फक्त चटणी कशाची होती, एवढंच विचारायचं आहे.

(लसणाची.)